षड्ज आणि शून्य

रसायनशास्त्रात पीएच. डी. करणारी मुलगी आठवड्यातून दोन संध्याकाळी पाषाणहून सदाशिव पेठेत गाणे शिकायला जाते असे कळले, की ऐकणारा बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो : "छान! तेवढाच विरंगुळा." हे वाक्य चांगल्या मनाने उच्चारलेले असते आणि त्यावर वाद घालणे शोभत नाही, म्हणून मी हसून मान डोलावते, पण ते मला कधीच पटलेले नाही. विरंगुळाच हवा असेल तर पुण्यात त्याला तोटा नाही. वेताळ टेकडी आहे, फर्ग्युसन रस्ता आहे, हॉस्टेलच्या गच्चीवर रात्री रंगणाऱ्या गप्पा आहेत, आणि काहीच नसले तर मोबाइल आहेच. बाईंसमोर तंबोरा घेऊन बसल्यावर जेवढे लक्ष द्यावे लागते, तेवढे लॅबमध्ये एखाद्याच दिवशी लागत असेल. तिथून मी ताजीतवानी होऊन परतत नाही, बऱ्याचदा पिळून निघालेलीच परतते. तरीही सेनापती बापट रस्त्यावरच्या कोंडीतून स्कूटर रेटत मी जात राहते, त्याचे कारण वेगळे आहे, आणि ते सांगायचे तर आधी लॅबमधल्या दिवसाविषयी सांगावे लागेल.

माझे काम सेंद्रिय संश्लेषणाचे आहे. निसर्गात अत्यल्प प्रमाणात सापडणारा एक रेणू बाजारात मिळणाऱ्या साध्या रसायनांपासून पायरी-पायरीने घडवत न्यायचा, एवढ्या एका वाक्यात ते सांगता येते आणि त्यापायी उमेदीची वर्षे खर्ची पडतात. त्यातला हिशेब मोठा निर्दय आहे. प्रत्येक पायरीला 80 टक्के यील्ड (अपेक्षित मालापैकी हाती आलेला माल) मिळाले, आणि 80 टक्के मिळाले तर गाईडही कौतुक करतात, तरी दहा पायऱ्यांनंतर अपेक्षित मालाच्या 11 टक्क्यांहूनही कमी माल हाती उरतो. ग्रॅमने सुरू केलेले काम मिलिग्रॅमवर येते, माल संपतो, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून मोठ्या फ्लास्कमध्ये सुरुवात करावी लागते.

सकाळी मेसमधले उपीट खाऊन साडेनऊच्या सुमारास मी हूडपाशी, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटापाशी, उभी राहते. रात्रभर ढवळत ठेवलेल्या रिॲक्शनची आधी टीएलसी, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगवेगळे दाखवणारी चाचणी, घ्यायची : काचेच्या केशनळीने थेंबभर माल सिलिकाच्या पट्टीच्या तळाशी टेकवायचा, पट्टी सॉल्व्हंटमध्ये उभी करायची, आणि सॉल्व्हंट वर चढला की अतिनील दिव्याखाली ठिपके पाहायचे. जुना ठिपका गेला आणि नवा आला असेल तर दुपार कॉलमवर, म्हणजे तो नवा पदार्थ वेगळा काढण्यात, जाते. काचेच्या उभ्या नळीत ओली सिलिका भरायची, ती थोपटून थोपटून बसवायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, वरून माल घालायचा आणि मग तासन्‌तास पेट ईथर आणि एथिल ॲसिटेटचे मिश्रण ओतत, खाली एकामागून एक टेस्ट ट्यूब बदलत राहायचे. सिलिका कोरडी पडली की तिला चिरा जातात आणि केलेले सगळे पाण्यात जाते, त्यामुळे कॉलम सोडून चहाला जाता येत नाही.

या वेळात आमच्या लॅबमध्ये सगळ्यांच्याच एका कानात गाणे असते; दुसरा कान सुरक्षेसाठी मोकळा ठेवायचा असतो. पण लॅबमध्ये मी ख्याल लावत नाही. जुनी मराठी भावगीते लावते, हिंदी सिनेमातली गाणी लावते, कधी आकाशवाणी पुणे केंद्र लावते. किशोरी आमोणकर मात्र लावत नाही. विलंबित ख्याल आणि कॉलम एकत्र चालत नाहीत, दोन्हींपैकी एक कोरडे पडतेच. पार्श्वभूमीला वाजत राहणारे संगीत हा प्रकार मला वाईट वाटत नाही, पण त्याला मी गाणे ऐकणे म्हणत नाही.

तर या कामाचा खरा त्रास कष्टांचा नाही. त्याचा त्रास असा, की ते बरोबर चालले आहे की नाही याचा निवाडा फार उशिरा येतो. टीएलसीवर ठिपका स्वच्छ असतो, वजन ठीक असते, वर्णपटही अपेक्षेप्रमाणे दिसतो, आपण पुढे जातो. आणि काही महिन्यांनी कळते की मागे एका पायरीला एक कार्बन हवा त्याच्या उलट बाजूला वळलेला होता. आमच्या लॅबमधल्या एका सीनियर ताईच्या बाबतीत तसेच झाले. तिच्या पदार्थाचे स्फटिक पहिल्यांदाच नीट बनले, क्ष-किरणांनी त्यांची रचना काढली आणि तिने आधीच्या चार पायऱ्या आरशातल्या भावंडावर केल्या असल्याचे निष्पन्न झाले. त्या चार पायऱ्यांच्या काळात ती रोज काम करत होती, रोज वहीत नोंदी करत होती, आणि त्यातल्या एकाही दिवसाने तिला काही सांगितले नव्हते. पेपर पाठवला तर परीक्षकांचे उत्तर यायला महिने जातात. फेलोशिपचे पैसे कधी येतील याचा निवाडा तर आणखीच वरच्या कोर्टात असतो. 2023 पासून वरिष्ठ फेलोची रक्कम महिना 42,000 रुपये झाली हे खरे, पण जी रक्कम तीन-चार महिने खात्यात जमाच होत नाही ती वाढल्याचा आनंद मेसवाल्या काकूंना समजावून सांगता येत नाही.

अशा दिवसानंतर मी बाईंच्या घरी पोहोचते, आणि तंबोऱ्याची गवसणी काढून पहिली खुंटी पिळते न पिळते तोच स्वयंपाकघरातून आवाज येतो : "चढली."

बाई तिथे मेथी निवडत असतात. त्यांना तंबोरा दिसत नाही, मी दिसत नाही, त्यांचे लक्षही इकडे आहे असे वाटत नाही. पण जोडीची एक तार केसभर चढलेली असली तरी ती त्यांना मेथीच्या जुडीतून ऐकू येते. या एका शब्दासाठी मी गाणे शिकते असे म्हटले तर ते अगदीच खोटे ठरणार नाही. दिवसभरात मी केलेल्या कुठल्याही गोष्टीवर एवढ्या तातडीने, एवढ्या निःसंदिग्धपणे कोणी निकाल दिलेला नसतो. आणि बाई नसत्या तरी तो मला मिळाला असता, कारण निकाल त्या देत नाहीत, तंबोराच देतो.

तंबोरा लावणे हे काम जवळून पाहण्यासारखे आहे. चार तारा असतात : पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या, त्यांना जोड म्हणतात, आणि शेवटची खर्जाची, जी पितळी असते. माझा षड्ज काळी चारचा, पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा, म्हणजे जोडीच्या तारांची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे 208. समजा, एक तार 208 वर आहे आणि दुसरी 209 वर. तर दोन्ही एकत्र छेडल्यावर सेकंदाला एक या गतीने आवाज हेलकावतो. फरक कमी होत जाईल तसे हेलकावे लांबत जातात आणि तारा मिळाल्या की नाहीसे होतात. खुंटी फिरवून हा शेवटचा फरक काढता येत नाही, त्यासाठी घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खाली तारेत ओवलेला मणी असतो; तो नखाने किंचित खाली सरकवला की तार चढते, वर सरकवला की उतरते. त्यानंतर जवारी, म्हणजे तारेच्या आवाजातली गुंज. घोडी आणि तार यांच्या मध्ये सुती दोरा असतो, तो एका ठरावीक जागी आला की बंद, मुका आवाज एकाएकी उघडतो आणि तारेतून सुरांचा झोत बाहेर पडू लागतो. दोरा ज्या जागी हे घडते ती जागा जेमतेम एखाद्या मिलिमीटरची असते, आणि ती डोळ्यांनी सापडत नाही.

हे असे का होते याचे कुतूहल चंद्रशेखर व्यंकट रामन यांनाही वाटले होते. प्रकाशाच्या विकिरणाने त्यांना जगप्रसिद्ध केले त्याच्या आधीची ही गोष्ट. 1921 मध्ये त्यांनी वीणा आणि तंबोरा या वाद्यांवर एक निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्या उपस्वरांचा (मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या वरच्या सुरांचा) निस्पंद बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, असतो ते उपस्वर उमटू नयेत, असा युरोपातल्या विद्वानांनी बांधलेला नियम आहे. तंबोरा तो पाळत नाही, हे रामन यांनी दाखवले. त्याचे कारण घोडीच्या रुंद, किंचित फुगीर पृष्ठभागात आहे : कंप पावणारी तार या पृष्ठभागाला पुनःपुन्हा टेकत-सुटत राहते आणि दर वेळी उपस्वरांना नवी चालना मिळते. म्हणूनच नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. तो खर्जाचा पाचवा उपस्वर. जुने लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, आणि आजच्या हार्मोनियमवरच्या गंधारापेक्षा तो सुमारे 14 सेंटने, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्शाने, खाली असतो. बाईंकडे पेटीही आहे. पण यमनचा गंधार लावताना त्या ती बंद करायला सांगतात.

मी मूळची मिरजेची, हे इथे सांगायला हवे. सतारमेकरांच्या दुकानांवरून मी शाळेत गेले, आडवे ठेवलेले वाळते भोपळे पाहत मोठी झाले, आणि त्या काळात मला त्यांचे काडीइतके अप्रूप नव्हते. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात विसावलेले आहेत, तिथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची सभा होते, हेही ठाऊक होते; पण ते गावातल्या इतर उरुसांसारखेच एक. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा मी पुण्यातल्या लॅबमध्ये बातमी वाचत होते आणि शेजारच्या हूडवरच्या मित्राला मोठ्या अभिमानाने सांगत होते, की हे आमच्या गावचे. गाव सोडल्यावरच असा अभिमान सुचतो. माझा तंबोरा तिथलाच आहे. बाबांनी तो रेल्वेने आणला आणि मिरजेपासून पुण्यापर्यंत स्वतः उभे राहून त्याला बर्थवर झोपवले, वाटेत प्रत्येक प्रवाशाला "यात काय आहे?" या प्रश्नाचे उत्तर देण्यातच त्यांचा प्रवास गेला.

शेजारच्या हूडवरचा हा मित्र तमिळ आहे. लहानपणी सक्तीने कर्नाटक संगीत शिकलेला आणि सुटका होताच सोडून दिलेला. त्याच्याकडून मला कळले, की आपला मालकंस तो त्यांच्याकडे हिंदोलम्‌, आपला भूप तो मोहनम्‌ आणि आपला दुर्गा तो शुद्ध सावेरी. कॉलम लावल्यावर आम्ही हा खेळ खेळतो : मी एक आलाप गुणगुणायचा, त्याने त्याचे नाव सांगायचे, आणि मग तेच सूर त्याने गमक घालून हलवून म्हणायचे. सूर सगळे तेच असतात, आणि तरी माझा मालकंस ओळखू येऊ नये इतका बदलतो. एका रेणूचे दोन आरसे, असे तो म्हणतो. आमच्या धंद्यात विनोदही असलेच.

आता लॅबमधल्या त्या यंत्राविषयी, ज्याच्यामुळे या दोन दुनिया माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळल्या. एनएमआर नावाचे हे यंत्र म्हणजे द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेला एक प्रचंड चुंबक. आमच्याकडच्या एकाची ताकद 9.4 टेस्ला आहे, आणि त्या क्षेत्रात हायड्रोजनचे अणुकेंद्रक सेकंदाला सुमारे 40 कोटी वेळा, म्हणजे 400 मेगाहर्ट्‌झला, निनादते. रेणूतला प्रत्येक हायड्रोजन आजूबाजूच्या परिस्थितीनुसार या कंपनसंख्येपासून किंचित ढळतो आणि त्या ढळण्यावरून तो रेणूत कुठे बसला आहे ते ओळखायचे. पण ढळला तो कशापासून, हे आधी ठरवावे लागते. म्हणून टीएमएस नावाच्या एका पदार्थाचा संकेत शून्य मानतात आणि बाकी सगळे त्याच्या तुलनेत मोजतात. यात गंमत अशी, की 400 च्या यंत्रावर मोजा नाहीतर 500 च्या, कंपनसंख्या बदलते, पण शून्यापासूनचे सापेक्ष अंतर तेच राहते. क्लोरोफॉर्म कुठेही 7.26 लाच दिसतो.

गाण्यातला षड्ज नेमके हेच करतो. माझा काळी चारचा, बाईंचा पूर्वी तोच होता, आता वयोमानाने काळी तीनवर उतरला आहे, पुरुषांचा आणखी खाली; पण एकदा षड्ज ठरला की यमनचा यमन कोणाच्याही गळ्यात यमनच राहतो. पाश्चात्त्य वाद्यवृंद सगळ्यांनी मिळून एक कंपनसंख्या ठरवतो आणि तिला चिकटून राहतो. आपल्याकडे प्रत्येकाला आपापले शून्य निवडण्याची मोकळीक आहे, अट एवढीच की निवडल्यावर ते हलता कामा नये. मला ही व्यवस्था जास्त सुसंस्कृत वाटते.

आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. यंत्रातून जो मूळ संकेत येतो तो वर्णपट नसतो. रेडिओलहरींचा एक टोला दिल्यावर सगळी अणुकेंद्रके एकदम निनादतात आणि तो निनाद देवळातल्या घंटेसारखा विरत जातो. त्या विरत जाणाऱ्या लहरीचे फूरियेच्या गणिताने पृथक्करण केले की वर्णपट मिळतो. यंत्र 400 मेगाहर्ट्‌झची मूळ लहर वजा करून फक्त फरक नोंदवते, आणि हे फरक काही हजार हर्ट्‌झच्या आत असतात, म्हणजेच माणसाच्या कानाला ऐकू येण्याजोगे. ही लहर स्पीकरला जोडली तर रेणू ऐकू येतो. एका रात्री आम्ही ते करून पाहिले. ऐकायला काही मधुर वगैरे नव्हते, कुईऽ असा एक चिरका आवाज येऊन विरला. तमिळ मित्राने "अपस्वर" असा शेरा मारला. मला मात्र तो आवाज आवडला, कारण आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पदार्थाने विचारल्याबरोबर उत्तर दिले होते.

रात्रीचे म्हणायचे कारण, या यंत्राच्या वेळा. दिवसा दहा-दहा मिनिटांचे स्लॉट असतात, त्यात हायड्रोजनचा वर्णपट उरकतो. कार्बनचा उरकत नाही, कारण दर शंभर कार्बन अणूंपैकी जेमतेम एकच या यंत्राला दिसतो. त्यामुळे संकेत क्षीण असतो आणि यंत्राला तेच ते पुनःपुन्हा ऐकावे लागते. स्पष्टता दुप्पट हवी तर वेळ चौपट द्यावा लागतो, तिप्पट हवी तर नऊपट. हा नियम मी बाईंना सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, "चौपटच? स्वस्तात सुटता तुम्ही लोक."

रात्रीच्या स्लॉटमुळे माझे घड्याळ उलटेपालटे झालेले आहे, आणि ज्या कलेत प्रत्येक रागाला प्रहर नेमून दिलेला आहे तिच्यात हे घड्याळ बसवणे अवघड जाते. पहाटे दोनला हॉस्टेलवर यायचे, नऊला उठायचे, तर भैरव कधी गायचा? खोलीतली मैत्रीण झोपलेली असताना तंबोरा छेडता येत नाही, म्हणून इयरफोन लावून मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर ओठ मिटून खर्ज लावते. त्या तंबोऱ्याविषयी माझी तक्रार एवढीच, की तो कधीच उतरत नाही. त्याला काही करावे लागत नाही, त्यामुळे कानालाही काही करावे लागत नाही.

पण प्रहरांची पंचाईत एकट्या माझी नाही, सगळ्या पुण्याचीच झालेली आहे. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी 1953 मध्ये सुरू केलेला महोत्सव पूर्वी रमणबागेच्या मैदानावर रात्रभर चाले. बाई त्या वेळी बँकेत नोकरीला होत्या. शेवटची भैरवी ऐकून, घरी जाऊन फक्त तोंड धुऊन, तशाच त्या काउंटरवर बसत आणि त्या दिवशीच्या नोटा नेहमीपेक्षा जास्त काळजीने दोनदा मोजत. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आली, आणि एखाद्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत मिळणारी सवलत सोडली तर महोत्सव दुपारी आणि संध्याकाळी होऊ लागला. ज्येष्ठ श्रोते या बदलावर अजूनही हळहळतात. मध्यरात्रीचा दरबारी, पहाटेचा ललत हे आता आठवणींत राहिले, हे खरेच आहे. पण माझे मत थोडे वेगळे आहे. दुपारी सुरू होणाऱ्या सत्रांमुळे मुलतानी, भीमपलास, मधुवंती, पटदीप हे उतरत्या उन्हाचे राग मोठ्या मैदानावर, हजारो माणसांत ऐकायला मिळतात, आणि दुपारी चार वाजता लॅबमधल्या ट्यूबलाइटखाली उभ्या असणाऱ्या माणसाला दुपार नावाचा प्रहर असतो हेच मुळात त्यामुळे कळते. नियम ध्वनिवर्धकांसाठी झाला आणि त्यातून मुलतानीचे भले झाले, असे मला वाटते. बाईंना वाटत नाही.

महोत्सव आता मुकुंदनगरच्या मैदानावर होतो, तिथे मी भारतीय बैठकीचे तिकीट काढते. खुर्चीपेक्षा ते स्वस्त असते हे एक कारण, आणि आजूबाजूची माणसे हे दुसरे. डिसेंबरच्या थंडीत चटई, उशी, शाल आणि थर्मास घेऊन आलेले काका-काकू वर्षानुवर्षे त्याच कोपऱ्यात बसतात. षड्ज लागण्यापूर्वी गायक तंबोरे मिळवत असतो, तेव्हा इतर ठिकाणी लोक बोलत बसतात. इथे माझ्या शेजारचे एक आजोबा तेव्हाच डोळे मिटतात आणि तंबोरे मिळाले की गायकाच्या आधी मान हलवतात. त्या हजारो कानांपुढे गाणाऱ्याला एकही सूर लपवता येत नाही. पीएच. डी.ची तोंडी परीक्षा दोन-चार परीक्षकांसमोर असते आणि तिचे आम्हाला केवढे दडपण असते! शेवटच्या दिवशी सवाई गंधर्वांची भैरवीतली जुनी ध्वनिमुद्रिका लावतात आणि गर्दी उठण्याऐवजी बसून राहते. अब्दुल करीम खाँ मिरजेचे, सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, भीमसेनजी सवाई गंधर्वांचे. तेव्हा या सांगतेत माझ्या गावाचाही वाटा आहे, असे मी मनातल्या मनात धरून चालते.

हे सारे वाचून असे वाटेल, की गाणे म्हणजे तत्काळ निकाल आणि संशोधन म्हणजे अंतहीन प्रतीक्षा, अशी मी वाटणी केली आहे. सुरुवातीची काही वर्षे मी ती तशीच केली होती. पण सूर लागला की नाही हे जितक्या लवकर कळते, तितक्या लवकर राग लागला की नाही हे कळत नाही. यमनचे सूर शाळकरी मुलालाही येतात : मध्यम तीव्र, बाकी सगळे शुद्ध. भातखंडे यांनी दहा थाट, म्हणजे रागांचे वर्ग, मांडले त्यांतल्या कल्याण थाटाचा हा पहिला राग, बहुतेक संगीत विद्यालयांत तो सुरुवातीलाच शिकवतात. प्रत्यक्षात निषादावरून षड्जाला न शिवता रिषभावर जाणे, पंचमाला वळसा घालून तीव्र मध्यमावरून धैवतावर चढणे, गंधारावर किती रेंगाळायचे आणि कुठल्या श्वासाला तो सोडायचा, यात एकही सूर बेसूर न होता यमन निसटून जाऊ शकतो. बाईंच्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याने एकदा उत्साहाने सांगितले, "बाई, माझा यमन झाला, आता पुढचा राग द्या." बाई क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझा झाला? वा! माझा अजून चाललाय." त्या सत्तरीच्या पुढे आहेत.

उलट, लॅबमधला निवाडा उशिरा येतो, पण आला की तो अखेरचा असतो. रेणूची रचना ही आहे किंवा ही नाही. स्फटिकाची क्ष-किरण प्रतिमा आल्यावर त्यात मतभेदाला जागा उरत नाही. त्या सीनियर ताईने निकाल हाती आल्यावर एक दिवस रजा घेतली, दुसऱ्या दिवशी नवीन मार्ग आखला, आणि पुढे तिची पीएच. डी. रीतसर पूर्ण झाली. गाण्यात असा दिवस कधीच येत नाही. दोन्हीकडे मी असल्यामुळे मला एकीकडे उधार राहिलेले दुसरीकडे रोख मिळते, एवढाच माझा व्यवहार आहे. यात विश्रांती कुठेही नाही.

घरच्यांना हा व्यवहार समजावणे कठीण आहे. नातेवाईकांत अश्विनी भिडे-देशपांडे यांचे उदाहरण फार लोकप्रिय आहे : "त्या नाही का, भाभा अणुसंशोधन केंद्रात जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आणि एवढ्या मोठ्या गायिका झाल्या!" प्रभा अत्रे यांचेही नाव निघते, त्या विज्ञान आणि कायदा या दोन्ही शाखांच्या पदवीधर होत्या आणि पुढे सरगम या विषयात त्यांनी डॉक्टरेट मिळवली. ही उदाहरणे खरी आहेत आणि त्यांचा मला काही उपयोग नाही. मी गायिका होणार नाही. मला ते पुरेसे लवकर, आणि कोणी न सांगता, कळलेले आहे. मामाला हे सांगितले तर तो म्हणतो, "मग एवढा खर्च कशाला?", आणि मामीने मध्ये पडून विषय बदलेपर्यंत तो खर्चाचा आकडा विचारत राहतो. होणार नसलेल्या गोष्टीसाठी नियमाने मेहनत करणे हा पुण्यात तरी चमत्कारिक प्रकार नाही. बाईंकडे येणाऱ्यांत निवृत्त अभियंते आहेत, दातांच्या डॉक्टर आहेत, एक सीए आहेत जे मार्च महिन्यात गायब होतात आणि एप्रिलमध्ये पुन्हा खर्जापासून सुरुवात करतात. यांच्यापैकी कोणी मैफल करणार नाही. पण सवाईच्या मैदानावर तंबोरे मिळाल्याचे गायकाच्या आधी ज्यांना कळते ते याच लोकांतले असतात.

यंदा मी प्रबंध लिहायला घेतला आहे आणि अमेरिकेत पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच. डी.नंतरच्या संशोधनासाठी, अर्ज पाठवले आहेत. हे बाईंना कसे सांगावे या विचारात मी बरेच दिवस घालवले. शेवटी एका संध्याकाळी तंबोऱ्याला गवसणी घालता घालता सांगून टाकले. त्यांनी मुळीच आश्चर्य दाखवले नाही.

"तंबोरा इथंच ठेवून जा," त्या म्हणाल्या, "तिकडच्या थंडीत भोपळ्याला तडा गेला तर सांधायला मिरजेहून कोण येणार आहे? मी लावत जाईन अधूनमधून."

"आणि शिकणं? फोनवर शिकवाल?"

"शिकवेन की. पण तुझी संध्याकाळ म्हणजे माझी सकाळ. भैरव माग, तोडी माग, ललतसुद्धा शिकवेन. सकाळी सहाला उठून यमन मी कोणालाही शिकवणार नाही."

"पण बाई, माझा यमन राहिलाय."

"मग जायच्या आत संपव," असे म्हणून त्या मेथी निवडायला आत गेल्या.